बदलीचा माणूस

३ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून लिहायला बसलो आहे. त्यांचं पटलं म्हणून नव्हे, पटलं नाही म्हणून. "घरात रोज काय झालं ते थोडं लिहीत जा, तुम्हालाही बरं वाटेल," म्हणाल्या. मला काय झालंय? आजारी बायको आहे, हे त्यांचंच म्हणणं. तरी लिहीन. महिन्याभराने ही वही त्यांच्या टेबलावर ठेवीन आणि म्हणेन, वाचा, आणि या घरात काय कमी आहे ते मला दाखवा.

झालं ते असं. गेल्या रविवारी ही बाजारात गेली आणि बसथांब्यावर बसून राहिली. अंधार पडला तरी परत नाही. माझ्याबरोबर कामाला आहे त्या भोंग्याच्या बायकोने पाहिलं आणि हाताला धरून घरी आणलं. कुठे जायचं होतं म्हणून विचारलं, तर म्हणे, "कुठे नाही. पाय उठत नव्हते."

डॉक्टरीणबाईंनी झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "या तुमच्याशी शेवटच्या कधी भांडल्या?" मी अभिमानाने सांगितलं, "सहा-आठ महिन्यांत आमच्या घरात चढा आवाज नाही." त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि त्याखाली रेघ ओढली.

गोळ्या दिल्या, आणि वर लहान मुलाला सांगावं तसं एकेक सांगितलं. ठरल्या वेळी झोपायचं, बसून जेवायचं, उन्हात चालायचं, निदान एका माणसाशी आजारपण सोडून दुसरं काहीतरी बोलायचं. आणि दिवसातला एक तास घराबाहेर, एकटीने. "एक वेळ गोळी चुकली तर चालेल, हा तास चुकवू नका." मग मला म्हणाल्या, "तेवढा वेळ आईंना तुम्ही सांभाळायचं."

यात सांगण्यासारखं काय आहे? माझीच आई आहे.

परतताना हिला विचारलं, "एवढं काय आहे मनात?"

"काही नाही."

झालं तर मग.

५ फेब्रुवारी

आजचा राग कारखान्यातला आहे.

आमचा काचेचा कारखाना जुन्या पद्धतीचा. मोठ्या बरण्या, दिव्यांच्या चिमण्या, प्रयोगशाळेतली भांडी, सगळं अजून तोंडाने फुंकून होतं. फुंकणीच्या एका टोकाला वितळलेला गोळा, दुसरं टोक ओठाला. फुंकणाऱ्याशी त्या वेळी कोणी बोलत नाही. श्वास अडखळला की काच फाटते. म्हणून आमच्याकडे जो गप्प आहे त्याचं काम नीट चाललंय, आणि जो ओरडला त्याचं बिनसलंय, असं धरून चालतात. इतक्या वर्षांत हे कधी चुकलेलं नाही. घरीही मी याच अंदाजाने चालतो आणि माझं बरं चाललं आहे.

भट्टीवर आजवर बदलीचा माणूस असायचा. त्याचं काम एवढंच, की उभा असलेल्याच्या मागे यायचं, खांद्याला हात लावायचा आणि त्याची जागा घ्यायची. मग आपण बाहेर वाऱ्यावर जाऊन मिठाचं पाणी प्यायचं, जरा टेकायचं. नव्या साहेबांनी बदलीची माणसं काढून टाकली. आणि त्यांच्याऐवजी काय आणलं? भिंतीवर चित्र. हसऱ्या तोंडाचा सूर्य, खाली 'प्रसन्न मनाच्या चांगल्या सवयी'. पाळी सुरू होताना सगळ्यांनी डोळे मिटून उभं राहायचं आणि श्वासाकडे लक्ष द्यायचं.

भोंगा म्हणाला, "साहेब, आमचं जन्मभर श्वासाकडेच लक्ष आहे. एक दिवस तुम्ही फुंका, डोळे मिटून आम्ही उभे राहतो." त्याचा आवाज गेटपर्यंत जातो म्हणून तर त्याला भोंगा म्हणतात. सगळे हसले. साहेब सोडून.

डोळे मिटायला माझी ना नाही. पहाटे देवापुढे मिटतोच, आणि फुंकणी उचलताना त्याचं नाव घेतल्याशिवाय मी ओठ लावत नाही. पण ज्याने टेकायची जागा काढून घेतली, त्यानेच शांत कसं राहावं हे शिकवायचं? डोकं भणाणून गेलं आहे.

८ फेब्रुवारी

आजपासून हिचा तास. पहिली पाळी करून मी आलो तेव्हा ही दारात चपला घालून उभी. शाळा सुटायची वाट बघणाऱ्या पोरीसारखी. मला जरा विचित्र वाटलं.

पिशवी हातात दिली. म्हटलं, "जातेच आहेस तर आईची औषधं, साबण आणि पंख्याचं ते बटण घेऊन ये." तिने पिशवी घेतली.

परतली ती रिकामी.

"दुकान बंद होतं?"

"नाही."

"मग?"

"गेले नाही."

मी शांत राहिलो. एवढंच म्हणालो, की तास फुकट गेला म्हणायचा.

आईने काडीचा त्रास दिला नाही. तिला हल्ली माणसं ओळखू येत नाहीत. मला ती तिचा मोठा भाऊ समजते, दादा म्हणते. माझ्याजवळ बसून केळं खाल्लं, तिच्या वडिलांच्या गाईची चौकशी केली, माझ्या हातावर हात ठेवून हसली. यासाठी डॉक्टर लागावा एवढं यात काय आहे ते मला कळलेलं नाही.

११ फेब्रुवारी

ताईचा फोन. माझी थोरली बहीण दूर राहते, दर पंधरवड्याला फोनवरून आईची काळजी घेते. आई फोनवर तिला म्हणाली, "इथली ती बाई मला उपाशी ठेवते." आई हिला 'ती बाई' म्हणते.

ताई मला म्हणाली, "बघ रे बाबा. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून उगाच निघत नाही."

"अगं, तिला काही आठवत नाही."

"पोटाला आठवतं ना?"

फोन ठेवला आणि हिला विचारलं, "दुपारी जेवायला देतेस ना आईला?" नुसतं विचारलं, आरोप नव्हता.  म्हणाली, "दोनदा जेवल्या. दुसऱ्यांदा माझ्या ताटातलं."

आवाज चढवला नाही. म्हणजे माझ्या विचारण्यात तिला वावगं वाटलं नसावं. राग मला ताईचा आला. चार दिवस येऊन राहा म्हटलं की तिचे गुडघे दुखतात.

१६ फेब्रुवारी

भोंगा जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "वहिनी रोज दुपारी थांब्यावर दिसतात. बस येते, जाते, त्या तिथेच. कोणाची वाट बघतात का काय?" चारजण ऐकत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी येऊन विचारलं, "एक तास बाकावर बसायचं तर घरात खुर्च्या नाहीत का?"

"तिथे कोणी हाक मारत नाही."

जसं बोलली तसं लिहिलं आहे. यावर काय बोलायचं? हाक आपलीच माणसं मारतात. ज्यांना कोणी हाक मारत नाही त्यांना जाऊन विचार म्हणावं. आम्हाला मूलबाळ नाही. आई आहे म्हणून या घरात दिवसभर कोणाचा तरी आवाज आहे, हे हिच्या लक्षात कसं येत नाही?

पण तास बंद केला नाही मी. दिलेला शब्द पाळतो.

१९ फेब्रुवारी

भट्टीपुढे आज एकजण चक्कर येऊन पडला. फुंकणी हातातून सुटली, नशीब गोळा दुसऱ्या बाजूला गेला. साहेब म्हणाले, सकाळी श्वासाचा व्यायाम मन लावून केला असता तर असं झालं नसतं.

हात शिवशिवले. देवाने आवरलं.

२३ फेब्रुवारी

सगळ्यांनी मिळून बदलीच्या माणसांसाठी अर्ज द्यायचं ठरवलं आहे. मजकूर मी लिहायचा, कारण माझं अक्षर चांगलं आणि गावच्या शाळेत मास्तरांनी निबंध घोटून घेतलेले. पाळी संपल्यावर उपाहारगृहात बसतो. आज एक वाक्य चांगलं उतरलं. सगळ्यांनी दोनदा वाचायला लावलं.

बैठक लांबली. घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ही दारात होती. मला बघून चपला काढल्या आणि स्वयंपाकाला लागली. म्हटलं, "उद्या जा." मान हलवली. कुरकुर नाही, काही नाही.

२८ फेब्रुवारी

हा आठवडा सगळा बैठकांत गेला. हिला जाता आलं नाही. विचारलं, "चालेल ना आणखी थोडे दिवस?" म्हणाली, "चालेल." डॉक्टरीणबाईंनी उगाच बाऊ केला होता. घर घड्याळासारखं चालू आहे. भांडी तर धुतलेलीच पुन्हा काढून धुते, आज दोनदा धुतली. गोळ्यांची पट्टी मात्र आहे तशी दिसली. "घेते," म्हणाली.

साहेबांनी अर्ज न वाचताच टेबलाच्या खणात टाकला. उभा आडवा पेटलो आहे.

५ मार्च

आज झालं ते सगळं लिहितो.

बैठक आज लवकर आटोपली. घरी आलो तर दाराला बाहेरून कडी. आतून आईचा आवाज, दार वाजवत होती. शेजारचे दोघे जिन्यात उभे. एकजण म्हणाला, "बराच वेळ चाललंय. कडी आम्ही कशी काढायची?" दार उघडलं. आई उंबऱ्याशी बसलेली, कपडे ओले, बोटं सोलवटलेली. मला म्हणाली, "दादा, ती गेली रे." कोण गेली विचारलं तर नुसती रडायला लागली.

आईला धुतलं, पुसलं, कपडे बदलले. शेजारच्याला बसवून थांब्यावर गेलो. ही बाकावर. पायात चपला नव्हत्या.

रस्त्यात उभा राहून ओरडलो. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. माणसं थबकली. माझ्या आईला कोंडलंस, जनावराला तरी कोणी असं कोंडतं का, देव बघतोय, असं बरंच. ती वर बघेना. शेवटी म्हणाली, "कडी मी लावली का?"

विचारत होती. खरोखरच विचारत होती.

६ मार्च

डॉक्टरीणबाई आज रागावल्या. तोंडाने नाही, पण कपाटाचं दार आपटलं. "तो तास किती दिवस पाळलात?" मी कारखान्याचं सांगायला लागलो, तर हात वर करून थांबवलं.

"आता त्यांना झोपू द्या. स्वतःहून उठेपर्यंत उठवायचं नाही. नवी गोळी स्वतःच्या हाताने द्या. एवढं जमणार नसेल तर आत्ता सांगा, मी दवाखान्यात ठेवून घेते. पण मग कधी सोडेन ते मला विचारू नका. माणूस किती दूर गेलाय ते आधी बघावं लागतं आणि तिथून सगळेच परत येतात असं नाही."

मी म्हटलं, जमेल. रजा टाकली.

माझ्याच घरच्या माणसाबद्दल मला परक्यासारखं दटावतात. हिने मला एका शब्दाने काही सांगितलं असतं तर ही वेळ आली असती का?

७ मार्च

ही झोपली आहे. आई नाही.

आई सकाळपासून हिच्या खोलीचं दार सोडत नाही. 'ती बाई, ती बाई' करून जिला नावं ठेवते, ती नजरेआड झाली की आईचा जीव जातो. "ती कुठे गेली?" झोपली आहे. "बघू दे." झोपली आहे आई, नंतर बघ. तोंड फिरवायची फुरसत नाही, की पुन्हा "ती कुठे गेली?" बाजूला नेऊन बसवलं, उठून आली. पुन्हा बसवलं, पुन्हा आली. चमचे उशीच्या अभ्र्यात लपवले. साबण खाल्ला. आंघोळीला नेलं तर माझ्या मनगटाला चावली, आणि शेजारी ऐकू जाईल अशी ओरडली, की हा कोण परका माणूस.

तासाभरात केळं खाऊन गाईची चौकशी करणारी आई कुठे गेली?

दुपारी मी उभ्याने जेवलो. चार घास. मग ताईला फोन लावला. म्हणाली, "तिला गाणी लाव. मन रमलं पाहिजे माणसाचं." मी फोन ठेवून दिला. आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या बहिणीचा फोन मी मध्येच ठेवला.

८ मार्च

तिसऱ्यांदा चादर बदलत असताना आईने भरलेला तांब्या माझ्यावर उलटा केला आणि हसली. माझा हात वर गेला.

वरच राहिला. खाली आणला तो भिंतीवर. ती घाबरून कोपऱ्यात गेली आणि म्हणाली, "दादा, मारू नकोस, मी घरी जाते."

आज देवापुढे बसलो नाही. कोणत्या तोंडाने बसू?

१० मार्च

ही उठते, जेवते, पुन्हा झोपते. डोळ्यांखालचं काळं जरा कमी झालंय. आज मला म्हणाली, "दाढी करा." दोन शब्द.

माझ्या अंगात मात्र त्राण नाही. भट्टीपुढे दुप्पट पाळी केली तरी असं होत नाही. कोणावर तरी ओरडावंसं वाटतं आणि समोर कोणी नाही. डॉक्टरीणबाईंवर, साहेबांवर, ताईवर, आईवर आणि त्या सगळ्यांना इथे आणणाऱ्यावर, सगळ्यांवर एकदमच. आज पहाटे त्याला म्हणालो, तुझ्याकडे माणसं कमी पडली का? मग क्षमा मागितली. पण आधी म्हणालो ते खरं होतं.

१२ मार्च

भोंगा आला. जिन्यातूनच ओरडत, "मिळाला! बदलीचा माणूस मिळाला!"

साहेबांच्या खणातला अर्ज मालकांच्या हातात पडला म्हणे. त्यांनी साहेबांना बोलावून तो मोठ्याने वाचायला लावला. सोमवारपासून प्रत्येक भट्टीवर बदली. भोंग्याने अर्जाची नक्कल खिशात आणली होती. घडी उलगडली आणि मधोमध उभा राहून, सभेत वाचावं तसं माझंच वाक्य मला वाचून दाखवलं:

"'माणूस आगीला भीत नाही. पण आपल्या मागे कोणीतरी येऊन खांद्याला हात लावणार आहे, हे ज्याला ठाऊक नसतं, तो एक दिवस उभ्या जागी विझून जातो, आणि तो विझला हे कोणाच्या लक्षातही येत नाही.' काय लिहिलंयस रे! साहेबाचा चेहरा बघायला हवा होतास."

खोलीचं दार उघडलं. ही उभी होती.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो," मी म्हणालो. छाती भरून आली होती, खोटं कशाला लिहू.

"पुन्हा वाचा हो भावजी."

भोंग्याने पुन्हा वाचलं. या वेळी अर्ध्यावर त्याचा आवाज खाली आला. वाचून झाल्यावर त्याने कागद हळूच टेबलावर ठेवला, चपला हातात घेतल्या आणि त्या हातातच ठेवून जिना उतरून गेला.

मग ही ओरडली. एवढा आवाज हिच्यात आहे हे मला माहीत नव्हतं. "लिहिता येतं तुम्हाला! सगळं येतं! भट्टीपुढच्या माणसाच्या आतलं दिसतं, त्याला वारा लागतो, पाणी लागतं, बसायला लागतं! आणि मी पिशवी घेऊन जायचं! साबण आणायचा! औषधं आणायची!"

मीही चढलो. "मला सांगितलंस का कधी? तोंड नव्हतं का तुला?"

"सांगितलं! शंभरदा सांगितलं! तुम्ही म्हणालात, माझीच आई आहे, त्यात काय! मग मी बोलायची थांबले, तर तुम्ही खूश! घरात शांतता म्हणून डॉक्टरांना सांगितलंत. माझ्या देखत!"

"आवाज खाली कर, शेजारी ऐकतायत."

"ऐकू देत! कडी लावली तेव्हा ऐकलंच की त्यांनी!"

आई मध्ये येऊन हिच्या पदराला लोंबकळली. हिने पदर सोडवला नाही. तशीच, आईच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, आणि आता आवाज एकदम खाली आला होता: "दोन वर्षं मी बाथरूमचं दार लावलेलं नाही. लावलं की या बाहेर रडतात, डोकं आपटतात. दोन वर्षं मी दार उघडं ठेवून आंघोळ करते. तुम्हाला माहीत आहे?"

हे मला कोणी सांगितलं नाही, असं म्हणणार होतो. म्हटलं नाही.

तिने आईची बोटं एकेक करून पदरातून सोडवली. बाथरूममध्ये गेली. दार लावलं. कडीचा आवाज आला.

आई धावली. दोन्ही हातांनी दार बडवायला लागली. "ती गेली! दादा, ती गेली!" मी तिला मागे ओढलं, ती सुटली. शेवटी मीच दाराला पाठ लावून उभा राहिलो. आई माझ्या छातीवर मुठी मारत होती. लागत होतं. मला राग येत होता. आईचा, हिचा, माझ्या तोंडावर फेकलेल्या त्या प्रत्येक शब्दाचा, आणि त्यातला एकही खोडता येत नव्हता याचा. आतून पाणी पडायला लागलं. एक बादली भरल्याचा आवाज आला, मग दुसरी.

आई रडून रडून माझ्या अंगावर कलली. ऊन भिंतीवरून सरकून जिन्यात गेलं. शेजारच्यांचं दार उघडलं आणि बंद झालं. आत तिसरी बादली भरत होती.

"आटप लवकर" हे शब्द रोजच्या सवयीने तोंडाशी आले होते. ते गिळले आणि तसाच उभा राहिलो.